बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड आणि तो अमेरिकेतला वाद

विश्वामित्री (धागाकर्ती), सोमवार रात्री

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

आम्ही मूळचे दांडिया बाजारातले. जुनं घर सुटलं तेव्हा बडोद्याच्या पूर्वेच्या कडेला एका सोसायटीत आलो. तिथे आजवा तलावाचं, नळाचं पाणी प्यायची सवय होती. इथे दोन बोअर आणि वर टाकी. महापालिकेची लाइन अजून आमच्या गेटपर्यंत आलेली नाही.

गेल्या महिन्यात सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप फिरला की अमेरिकेने पाण्यातल्या फ्लोराइडवर बंदी घातली, फ्लोराइड म्हणजे मेंदूला विष, टूथपेस्ट फेकून द्या. दोन दिवसांत निम्म्या घरांतून पेस्ट गेली आणि मंजनाच्या डब्या आल्या. मीटिंगमध्ये तर दोन तट पडले. एका गटाचं म्हणणं, फ्लोराइड वाईटच. दुसरा गट म्हणतो, ते दातांना चांगलं, म्हणून तर परदेशात मुद्दाम घालतात. आपल्या टाकीतल्या पाण्यात ते किती आहे, हे मात्र एकानेही विचारलं नाही. खरं सांगायचं तर मीही नाही.

मला विचारायला लावलं ते एका मुलीने. आमच्याकडे स्वयंपाकाला एक बेन येतात, माहेर-सासर दोन्ही छोटा उदेपूरकडच्या कवांटच्या बाजूचं. त्यांची थोरली आजीजवळ गावाला वाढली, आता तेरा वर्षांची आहे. सुट्टीत आईबरोबर माझ्याकडे येते. दिवाळीत फोटो काढताना मी म्हटलं, अगं नीट हस की. तिने पटकन तळहात तोंडावर धरला. नंतर पोळ्या लाटताना बघितलं. वरच्या समोरच्या दातांवर आडवे तपकिरी पट्टे, चहाचा कप रात्रभर तसाच राहिला की आत उमटतात तसल्या रंगाचे. कडेच्या दातांवर चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखे पांढरे डाग. बेनच्या दातांवरही तेच. धाकटा मुलगा मात्र बडोद्यात जन्मला, नळाच्या पाण्यावर वाढला. त्याचे दात स्वच्छ आहेत.

पेस्टचं विचारलं तर बेन म्हणाल्या, गावाला कोण पेस्ट वापरतं, आम्ही बाभळीचं दातण करतो. म्हणजे जिने पेस्टला हात लावला नाही, तिच्या दातांवर हे डाग. आणि इथे आम्ही पेस्ट फेकून बोअरचं पाणी पितोय.

म्हणून विचारते. अमेरिकेतल्या वादातून आपण काय घ्यायचं? आणि आमच्या बोअरचं काय करायचं?

---

सुरसागर, सोमवार रात्री

ताई, तो निरोप अगदीच हवेतला नाही, हे आधी सांगतो. 'अमेरिकेने बंदी घातली' हे चूक. पण २०२५ मध्ये आधी युटा आणि मग फ्लोरिडा, या दोन राज्यांनी नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळणं कायद्याने बंद केलं. त्याआधी सप्टेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयाने त्यांच्या पर्यावरण संस्थेला सांगितलं की लिटरला ०.७ मिलिग्रॅम या सध्याच्या प्रमाणातही मुलांच्या बुद्ध्यंकाला अवाजवी धोका आहे, तुम्ही त्यावर पावलं उचला. एवढ्या मोठ्या देशातलं न्यायालय उगाच बोलत नाही. माझी नात चार वर्षांची आहे. मी घरातली फ्लोराइडची पेस्ट बंद केली. चुकलो असेन तर दात किडेल, तो भरता येतो. डोक्याला काही झालं तर ते परत आणता येत नाही. मला हा हिशोब साधा वाटतो.

---

अक्कलदाढ, मंगळवार सकाळी

काका, तुमची काळजी मी हसण्यावारी नेणार नाही. मी दंतवैद्य आहे, माझ्या खुर्चीत रोज तुमच्यासारखे आजोबा नातवंडं घेऊन येतात. पण त्याच निकालात न्यायाधीशांनी हेही लिहिलंय की फ्लोराइड घातलेलं पाणी घातक आहे असं निश्चित सिद्ध झालंय असा याचा अर्थ नाही. धोका दुर्लक्ष करण्याजोगा नाही, एवढं त्यांचं म्हणणं. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाचा जो अहवाल आला, त्याचा निष्कर्ष लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वरच्या पाण्याबद्दल आहे. तेवढं फ्लोराइड पोटात जाणाऱ्या मुलांचा बुद्ध्यंक कमी आढळतो, आणि त्यावर मध्यम खात्री, अशी त्यांची भाषा. ०.७ बद्दल ठाम सांगायला पुरेसा पुरावा नाही, असंही त्यातच आहे.

आता हा १.५ आकडा लक्षात ठेवा, कारण तो आपल्या ओळखीचा आहे. आपल्या भारतीय मानकात, आयएस १०५००, पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, आणि दुसरं पाणीच मिळत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावं, असं लिहिलंय. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही १.५.

तिकडे भांडण चाललंय ते पाव-अर्धा चमचा घालायचा की नाही, यावर. आपल्याकडे जमीनच ओंजळीने घालते, आणि ते काढायचं कसं हा आपला प्रश्न आहे. भारतात कुठल्याही नगरपालिकेच्या पाण्यात फ्लोराइड मिसळत नाहीत. तिकडचा निरोप जसाच्या तसा इकडे पाठवला की लोक नेमकं नको ते फेकतात.

पेस्टचा हिशोब करू. आपल्या कायद्याने पेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपेक्षा जास्त नसावं, आणि ते ट्यूबवर छापायला लागतं. म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये जास्तीत जास्त एक मिलिग्रॅम. वाटाण्याएवढी पेस्ट पाव ग्रॅमच्या आसपास भरते. मूल सगळी गिळलं तरी पाव मिलिग्रॅम, आणि बहुतेक तर थुंकूनच टाकतं. आता ३ मिलिग्रॅमचं बोअरचं पाणी घ्या. मूल दिवसाला दीड लिटर प्यायलं की साडेचार मिलिग्रॅम पोटात, शिवाय डाळ-भात त्याच पाण्यात शिजलेला.

तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहापर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट, आणि मोठ्या माणसाने शेजारी उभं राहायचं. ब्रशभर पट्टा काढतात तो जाहिरातीतला. नातीचं पेस्ट बंद करू नका, काका. प्रमाण कमी करा.

---

लहरीपुरा, मंगळवार सकाळी

+१. जाहिरातीतला पट्टा बघूनच आमच्या घरी ब्रश भरायची सवय लागली.

---

कवांट_रस्ता, मंगळवार दुपारी

विश्वामित्रीताई, तुमची पोस्ट वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं. मी नव्वदच्या दशकात सहा वर्षं त्या भागात प्राथमिक शिक्षक होतो. तेव्हा छोटा उदेपूर बडोदा जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा २०१३ मध्ये झाला.

तुमच्या बेनच्या मुलीसारखे दात माझ्या वर्गात ओळीने बसलेले असायचे. मी रावपुऱ्यात वाढलेला. पहिल्या वर्षी मला वाटायचं, मुलं दात घासत नाहीत. मी ओरडायचो. रोज सकाळी प्रार्थनेनंतर दात तपासायचो आणि डागवाल्यांना बाहेर काढून राखेने घासायला लावायचो. एक पोरगा हिरड्यांतून रक्त येईपर्यंत घासत राहिला आणि डाग तिथेच. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. डाग वरून चढलेला नव्हता. दात हाडात घडत असतानाच पाण्यातल्या जास्त फ्लोराइडने तो आत बसलेला होता, आणि मी त्याला अस्वच्छ म्हणत होतो. आज शिक्षक असलेल्या कोणी हे वाचत असेल तर हात जोडून सांगतो, असे दात दिसले तर मुलाला रागवू नका, गावातला पंप तपासा.

त्या भागात फ्लोराइड का, याचं उत्तर तिथल्या डोंगरात आहे. अंबाडुंगरला फ्लोरस्पारचा साठा आहे आणि कडीपाणीला त्याचा सरकारी प्रकल्प होता. फ्लोरस्पार म्हणजे कॅल्शियम फ्लोराइड, ज्या खनिजावरून फ्लोरीनचं नाव पडलं तेच. जांभळट, हिरवट खडे मुलं खिशात घेऊन यायची, छान दिसायचे. त्याच दगडाच्या अंगाखांद्यावरून मुरलेलं पाणी हातपंपात येत होतं.

एका पाड्यावर पंपाला फ्लोराइड धरून ठेवणाऱ्या ॲल्युमिनाची टाकी बसवली होती. पहिले काही महिने पाणी उत्तम. पण ते ॲल्युमिना भरलं की कॉस्टिक आणि आम्लाने धुऊन पुन्हा ताजं करावं लागतं, आणि ते करायला परत कोणी आलंच नाही. टाकी तशीच उभी, पाणी तिच्यातून जातंय, सगळ्यांना वाटतंय शुद्ध होतंय. टाकी नसण्यापेक्षा हे वाईट, कारण विश्वास बसलेला असतो.

---

रासायनिक, मंगळवार रात्री

निवृत्त केमिकल इंजिनिअर, पाण्याच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली आहेत. शिक्षकदादांनी सांगितलेल्याला थोडी जोड देतो. फ्लोराइड फक्त खाणीशेजारी असतं असा समज नको. ग्रॅनाइटसारख्या खडकांत ते थोडं थोडं असतंच. गुजरातेत मेहसाणा, पाटण, बनासकांठा, अमरेली हे जुने त्रासाचे जिल्हे. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड. पाणी जितकं खोल आणि जितके दिवस खडकाशी बसून राहिलेलं, तितकं फ्लोराइड विरघळायला वेळ मिळतो. दरवर्षी बोअर खोल खोल करत जातो, त्याचा हा भाग कोणी बोलत नाही.

दोन गैरसमज मी आयुष्यभर खोडत आलोय.

पहिला, 'आमचं पाणी गोड आहे, साबणाला फेस छान येतो, म्हणजे चांगलंच.' पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला धरून खाली बसवतं. कॅल्शियम कमी, सोडियम आणि बायकार्बोनेट जास्त, अशा मऊ पाण्यात फ्लोराइड मोकळं राहतं. म्हणून कित्येकदा जे पाणी चवीला गोड, डाळ पटकन शिजवणारं, त्यातच फ्लोराइड जास्त निघतं, आणि शेजारच्या खाऱ्या विहिरीत कमी.

दुसरा, टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजायचं यंत्र. फिल्टरवाला घरी येतो, पेनासारखं यंत्र बुडवतो, आकडा दाखवतो. त्या आकड्यात फ्लोराइड किती हे कळतच नाही. टीडीएस ४०० च्या पाण्यात फ्लोराइड ३ असू शकतं आणि १२०० च्या पाण्यात अर्धा. उकळूनही ते जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. तुरटी फिरवूनही जात नाही.

तुरटीवर थांबतो, कारण त्यावर पुढे वाद होणारच.

---

गोदूताई, मंगळवार रात्री

होणारच! माझ्या माहेरी तुरटी फिरवायचे आणि सगळे नव्वदीपर्यंत जगले. फ्लोराइड काढायची ती नलगोंडा पद्धत म्हणजे तुरटीच ना? आमच्या नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेनेच शोधली, असं शाळेत शिकवलं होतं.

---

रासायनिक, मंगळवार रात्री

नीरीचीच, सत्तरच्या दशकातली, आणि तुम्हाला तिचा अभिमान आहे तसा मलाही आहे. गढूळ पाण्यात तुरटीचा खडा दोनदा फिरवला की गाळ बसतो, तेवढंच तिचं काम. नलगोंडा पद्धतीत तुरटी तोलून घालतात, बरोबर चुना आणि ब्लीचिंग पावडर, मग ढवळायचं, मग सावकाश ढवळायचं, बसू द्यायचं, वरचं निवळ घ्यायचं. किती तुरटी हे त्या पाण्याचं फ्लोराइड आणि अल्कता बघून ठरतं, आणि गाळ करण्यासाठी लागते त्याच्या कितीतरी पट लागते. कमी पडली तर फ्लोराइड राहतं. जास्त झाली तर ॲल्युमिनियम पाण्यात उतरतं. पाड्यावरच्या घरात रोज तोलून हे करणं कठीण, म्हणून कित्येक ठिकाणी ती मागे पडली. पद्धत चांगली आहे, पण तिला रोज सांभाळणारा माणूस लागतो.

---

आरती_कॅलगरी, बुधवार पहाटे (इथे दुपार)

मी कारेलीबागेतली, पंधरा वर्षं कॅनडात, कॅलगरीला. सुरसागरकाकांनी एक बाजू मांडली, तर आमच्या शहरात काय झालं तेही सांगते. इथे १९९१ पासून पाण्यात फ्लोराइड घालायचे. २०११ मध्ये बंद केलं. काही वर्षांनी दुसरीच्या वर्गातल्या मुलांचे दात तपासले. शेजारच्या एडमंटनमध्ये फ्लोराइड चालूच होतं, तिथे किडलेले दात असलेली मुलं सुमारे ५५ टक्के आणि आमच्याकडे सुमारे ६५ टक्के. २०२१ मध्ये लोकांचं मत घेतलं, बहुसंख्य 'पुन्हा घाला' म्हणाले, आणि जून २०२५ च्या अखेरीस ते सुरू झालं. मी मत दिलं होतं, घाला म्हणून.

आणि तरी मला युटाच्या लोकांचं म्हणणं वेडगळ वाटत नाही. ज्याला नको त्यालाही नळातून तेच प्यावं लागतं, हा प्रश्न खराच आहे. नेदरलँड्सने सत्तरच्या दशकात बंद केलं, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलने २००३ मध्ये. तिथले लोक काही अडाणी नाहीत. वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२४ च्या आढाव्यातही हेच आलं की पेस्ट घरोघर पोचल्यापासून पाण्यातल्या फ्लोराइडचा फायदा पूर्वीपेक्षा बराच कमी झालाय. म्हणजे १९४५ मध्ये मिशिगनच्या ग्रँड रॅपिड्सने जगात पहिल्यांदा पाण्यात फ्लोराइड घातलं तेव्हाचं गणित आज तसंच राहिलेलं नाही.

गरिबांच्या मुलांना दंतवैद्य परवडत नाही, त्यांना निदान पाण्यातून तरी मिळावं, म्हणून मी 'हो' म्हटलं. बडोद्याला असते तर हा प्रश्नच मला पडला नसता.

---

अक्कलदाढ, बुधवार सकाळी

आरतीताई, फार मोलाचं लिहिलंत. त्यात एक जुनी गोष्ट जोडतो. ही सगळी कहाणी सुरूच झाली ती डागांपासून. १९०१ मध्ये मॅके नावाचा तरुण दंतवैद्य कोलोरॅडो स्प्रिंग्जला आला आणि तिथल्या मुलांचे तपकिरी दात बघून चक्रावला. त्याचं उत्तर मिळायला तीस वर्षं गेली. १९३१ मध्ये एका ॲल्युमिनियम कंपनीच्या रसायनतज्ज्ञाने, चर्चिलने, पाण्यातलं फ्लोराइड पकडलं. त्याच दातांना कीड कमी लागते हे लक्षात आलं, आणि मग डाग पडणार नाहीत पण कीड थांबेल असं प्रमाण शोधायला सुरुवात झाली.

आणि जवळपास त्याच काळात, १९३७ मध्ये, मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागातून शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाडांच्या फ्लोरोसिसचं, म्हणजे जास्त फ्लोराइडने होणाऱ्या रोगाचं वर्णन छापलं. त्या भागातल्या शेतकऱ्यांना आधी बैलांच्या आखडलेल्या सांध्यांवरून शंका आली होती, असं सांगतात. अमेरिकेला जे औषध म्हणून दिसलं, ते आपल्याला तेव्हापासूनच रोग म्हणून दिसतंय.

---

इंदूरकर, बुधवार सकाळी

इंदूरहून. आमचं चित्र बडोद्यासारखंच. शहरात जलूदहून सत्तर किलोमीटर चढवून आणलेलं नर्मदेचं पाणी, आणि शेजारी झाबुआ-धारमध्ये हातपंपांवर फ्लोराइड. माझे काका थांदल्याला नोकरीला होते, त्यांच्या तोंडून ऐकलंय की तिथली चाळिशीची माणसं मान वळवायची तर सगळं अंग वळवायची. शहरात राहणाऱ्याला हे दिसत नाही. तुमच्याकडे बेन आल्या म्हणून तुम्हाला दिसलं.

---

नवी_सून, बुधवार दुपारी

मी गेल्याच वर्षी लग्न होऊन बडोद्यात आले, आमचंही बोअर आहे. बाळ पाच महिन्यांचं आहे, थोडं वरचं दूध पावडरचं लागतं. ते या पाण्यात करू का? भीती वाटायला लागली.

---

अक्कलदाढ, बुधवार दुपारी

ताई, घाबरू नका, पण पाणी बदला. आईच्या दुधात फ्लोराइड अगदी नगण्य असतं, त्यामुळे अंगावरचं दूध जितकं देता येईल तितकं उत्तम. पावडरचं दूध मात्र जवळजवळ पाणीच असतं. बोअरचा आकडा कळेपर्यंत ते नळाच्या किंवा आरओच्या पाण्यात करा, नेहमीसारखं उकळून. समोरच्या पक्क्या दातांचं कवच पहिल्या काही वर्षांत घडतं, आठव्या वर्षापर्यंत जवळपास सगळ्या दातांचं. नंतर कितीही फ्लोराइड प्यायलं तरी नवा डाग पडत नाही, मग ते हाडांवर काम करतं. म्हणून पाच महिन्यांच्या बाळाचं पाणी घरात सगळ्यांत आधी बघायचं.

आणि घरातल्या मोठ्यांसाठी तीन सोप्या हालचाली सांगतो. गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धरा. हनुवटी छातीला लावा. दोन्ही हात बाजूला पसरून कोपरात दुमडा आणि डोक्यामागे टेकवा. वर्षानुवर्षं फ्लोराइडच्या पाण्यावर असलेल्या गावात यातलं एकही न जमणारी माणसं भेटतात. साधा संधिवातही असू शकतो, त्यामुळे यावरून निदान करू नका. पण न जमणारे एकाच गल्लीत पाच-सहा निघाले तर पाणी तपासा.

---

सुरसागर, बुधवार रात्री

दोन दिवस वाचतोय. पेस्टबद्दल डॉक्टरांचं मान्य, नातीला दाण्याएवढी पुन्हा सुरू केली. पण एक सांगतो. तो निरोप आला नसता तर हा धागाही निघाला नसता, आणि आमच्या घरी बोअरचा विचारच झाला नसता. आम्ही वासणा-भायलीकडे राहतो, अर्धं पाणी लाइनचं, अर्धं बोअरचं. आमच्या फिल्टरला आरओ आहे. त्याने फ्लोराइड जातं ना?

---

रासायनिक, बुधवार रात्री

बहुतांश जातं, मेंब्रेन चांगलं असेल तोवर. मेंब्रेन फाटलं किंवा म्हातारं झालं तर पाण्याची चव फारशी बदलत नाही आणि कळत नाही, म्हणून वर्षातून एकदा आरओमधून आलेलं पाणीही तपासा. आणि सगळ्या घराला, आंघोळीला, गाड्या धुवायला आरओ लावू नका. फ्लोराइड कातडीतून आत जात नाही. फक्त पिण्याचं आणि शिजवायचं पाणी पुरे, नाहीतर निम्म्याहून जास्त पाणी नाल्यात जातं, आणि ते फ्लोराइड अजून दाट होऊन.

सोसायट्यांसाठी मला मनापासून सुचवावंसं वाटतं ते पावसाचं पाणी. त्यात फ्लोराइड नसतंच म्हणा. गुजरातेतल्या जुन्या घरांत अंगणाखाली टांकं असे, वर्षभर प्यायला तेच पाणी. हिशोब बघा. पाच माणसांचं घर, माणशी पाच लिटर पिणं-शिजवणं, पावसाळ्याबाहेरचे २४० दिवस, म्हणजे ६,००० लिटर. बडोद्यात पाऊस साधारण ९०० मिलिमीटर. पन्नास चौरस मीटर छतावर ४५,००० लिटर पडतं. पहिला पाऊस वाहून जाऊ दिला, सांडलं, उडालं, तरी सहा हजारांची टाकी भरते.

---

गोदूताई, बुधवार रात्री

टांक्याचं वाचून बरं वाटलं. भरूचला माझ्या मावशीच्या घरी होतं. तांब्याच्या कळशीने ओढायचं, आणि आत भिंतीला चुना मारलेला असायचा.

---

कवांट_रस्ता, गुरुवार सकाळी

त्या भागात आता हाफेश्वरहून नर्मदेचं पाणी आणायच्या योजना झाल्या आहेत, पुष्कळ गावांत नळ आलेत. पण पाड्यावरचं शेवटचं घर अजून उन्हाळ्यात हातपंपावरच जातं. बेनना विचारा, आजीच्या घरी नळ आहे की पंप, आणि एप्रिल-मेमध्ये कुठलं पाणी येतं. त्या उत्तरावर सगळं आहे. आणि मुलीला दूध, तीळ, नाचणी, आवळा, पालेभाज्या द्या. पोटात कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व असेल तर फ्लोराइडचा त्रास कमी होतो. टाकळ्याची भाजी पहिल्या पावसात फुकट उगवते, ती तर उत्तम. उपाशी पोटीच हे पाणी जास्त छळतं. मी हे माझ्या वर्गात बघितलंय.

---

विश्वामित्री, रविवार रात्री

सगळ्यांचे आभार. आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

रासायनिकदादांनी मला खासगी निरोपातून किट कुठलं घ्यायचं ते सांगितलं होतं. ते काल आलं. बेन गावाला गेल्या होत्या, त्यांना सांगून आजीच्या पंपाचं पाणी एका स्वच्छ बाटलीत मागवलं. आज सकाळी ओट्यावर तीन कुप्या मांडल्या: आमचं बोअर, शेजाऱ्यांचं आरओ, आणि आजीचा पंप. थेंब मी टाकणार होते. पण मुलगी म्हणाली, मी टाकते. तिचा हात अजिबात हलला नाही. मोजून थेंब टाकले, मी घड्याळ बघत होते.

आरओची कुपी गुलाबी राहिली. आमच्या बोअरची हळूहळू केशरी झाली. आजीच्या पंपाची बघता बघता पिवळी. हळदीचा हात धुतलेल्या पाण्यासारखी. किटबरोबरच्या रंगपट्टीवर ती शेवटच्या चौकोनाशी जुळली.

मुलगी बराच वेळ त्या कुपीकडे बघत होती. मग तोंडावर हात न ठेवता तिने आईला विचारलं, म्हणजे मी घासत नव्हते म्हणून नाही झालं? बेन रडायला लागल्या. मी काय बोलणार?

आमच्या बोअरचं पाणी प्रयोगशाळेतही दिलं होतं, रंगावर विसंबायचं नाही म्हणून. अहवाल आला, १.८. म्हणजे आमची दोन-तीन वर्षांची पोरंही हेच पाणी पितायत. मी तिन्ही कुप्यांचा फोटो आणि अहवाल सोसायटीच्या गटावर टाकला. अमेरिकेवर एक अक्षर लिहिलं नाही. संध्याकाळच्या मीटिंगमध्ये पंधरा मिनिटांत ठरलं की पिण्याच्या पाण्यासाठी एक सामाईक आरओ बसवायचा, आणि पावसाच्या आधी एका इमारतीच्या छताला टाकी जोडून बघायची. लाइनसाठी अर्जही पुन्हा करायचा.

अक्कलदाढ, तुम्हाला एक विचारायचंय. तिच्या दातांचं काही होईल का?

---

अक्कलदाढ, रविवार रात्री

नक्की होईल. डाग वरवरचे असतील तर कवचाचा अगदी पातळ थर घासून बरेच फिके होतात. खोल असतील तर दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट लावून झाकता येतात, एका-दोन बैठकीत. आतले बदल जात नाहीत, पण हसताना दिसत नाहीत. तेरा वर्षांची आहे म्हणजे दाढा येतायत अजून, आधी एकदा नीट बघायला हवं. मला निरोप करा, पैशांचं मनात आणू नका.

---

कवांट_रस्ता, सोमवार सकाळी

ताई, ते किट संपलं नसेल तर मुलीबरोबर गावाला पाठवा. सरकारच्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलेलं आहे, पंचायतीत विचारा, तिथेही किट असायला हवं. शाळेजवळचा पंप, अंगणवाडीचा पंप आणि नळ असेल तर नळ, तिन्हीचं पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत घ्यायला सांगा. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची. वर चिठ्ठी चिकटवून पंप कुठला आणि तारीख काय ते पेन्सिलीने लिहायचं, शाई ओल्या हाताने पुसते. आलेले रंग इथे लिहा. मी त्या भागातल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांना आजच फोन करतो.